तिसऱ्या ओळीतला सातवा खुंट

मर्व्हिन पेनीने आयुष्यात फारशी नासधूस केलेली नव्हती. एकतीस वर्षं टपालखात्यात काढून त्याने एकही पत्र गहाळ केलं नव्हतं, आणि ही गोष्ट तो विदर्स क्रीकमधल्या प्रत्येकाला, कुणी न विचारता, वर्षातून दोनदा तरी ऐकवत असे. पण त्या शनिवारी भर दुपारी, हातात चिमटा आणि पोटावर ‘आपला हॉल वाचवा’ असं छापलेला एप्रन अशा थाटात त्याने एर्नी डॉर्नबुशचा, हॉलच्या पायातून निघालेला लाकडी खुंट जाळला. नुसता जाळून थांबला नाही. त्याच निखाऱ्यांवर सॉसेज भाजलं आणि पहिलं एर्नीलाच खायला दिलं.

एर्नी नुकताच इस्पितळातून परतला होता. आदल्या दिवशी हॉलखाली शिरून पायाचे जुने खुंट बदलताना खोकल्याची अशी उबळ आली, की त्याच्या मुलीने, ऱ्होंडाने, त्याला पाय धरून बाहेर ओढलं आणि ट्रकमध्ये घालून साठ मैलांवर नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून सांगितलं, की आता पुन्हा कुठल्याही इमारतीखाली शिरायचं नाही. एर्नीने मान डोलावली आणि बूट चढवले.

“खा, खा,” मर्व्हिन त्याच्या हातात कांदा घातलेला पाव कोंबत म्हणाला. “तूच उपटलेल्या खुंटांवर भाजलंय. पंचाहत्तर वर्षं मातीत राहिलंय हे लाकूड, पण पेटतंय कसं बघ.”

एर्नीने अर्धं खाल्लं. मग त्याची नजर पाण्याच्या टाकीकडे गेली. शुक्रवारी सकाळी त्याने टाकीच्या सावलीत एक खुंट बाजूला काढून त्यावर पोतं टाकून ठेवलं होतं. पोतं तिथेच होतं, व्यवस्थित चौघडी घातलेलं. खुंट नव्हता.

“इथला खुंट?”

“तो होय? ढिगात टाकला. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येत होता. काळजी करू नकोस, नावं कोरलेले सगळे शेडमध्ये आहेत. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस, मी स्वतः मोजलेत. बिननावाचे तेवढे सरपणाला काढले.”

एर्नीने ड्रममधल्या निखाऱ्यांकडे पाहिलं. उरलेलं सॉसेज टेबलाच्या कडेला ठेवलं, रुमालाने ओठ पुसले आणि कमरेत वाकून तो हॉलखाली शिरला. सॉसेजच्या रांगेतल्या लोकांना वाटलं, काय मेहनती म्हातारा आहे. मर्व्हिनने मात्र चिमटा खाली ठेवला.

कारण एर्नीने काम घेताना एकच अट घातली होती, आणि ती मर्व्हिनलाच सांगितली होती. “तिसरी ओळ, रस्त्याकडून सातवा. तो खुंट मला हवा. निघेल तसा.” मर्व्हिनने विचारलं होतं, “कुंपणाला का?” त्यावर एर्नी म्हणाला होता, “हवा.” हॉल समितीचा सेक्रेटरी म्हणून मर्व्हिनने हो म्हटलं आणि विसरून गेला. ओळ आणि आकडा खुंट जमिनीत असेपर्यंतच असतो. उपटून ढिगात पडला की सगळे सारखेच ओंडके.

विदर्स क्रीकचा हॉल पहिल्यापासून खुंटांवर उभा. तिथली काळी माती दुष्काळात अशी भेगाळते की भेगेत पडलेलं मेंढरू हाक मारून शोधावं लागतं, आणि पाऊस झाला की तीच माती फुगून घरं वर उचलते. हॉल बांधला तेव्हा प्रत्येक कुटुंबाने आयर्नबार्कच्या टणक लाकडाचा एकेक खुंट दिला, आणि प्रत्येक खुंटाची एक बाजू तासून त्यावर त्या कुटुंबाचं नाव कोरलं गेलं. उरलेले नुसतेच, गावच्या मालकीचे. पुढे नाच, लग्नं, निवडणुका, अंत्यविधीनंतरचे चहा सगळं वरती होत राहिलं आणि खालची नावं वाळवीखेरीज कुणी वाचली नाहीत. गेल्या वर्षी पियानो आपण होऊन स्टेजच्या दिशेने चालू लागला, तेव्हा समितीला पायाची आठवण झाली.

खुंट बदलण्यात त्या मुलखात एर्नीचा हात धरणारा कुणी नव्हता. हातोडीने खुंटावर टक् करायचा, कान लावायचा आणि सांगायचा, “हा आतून गेलाय,” किंवा “हा आपल्याला पोचवून जाईल.” जॅक लावून आख्खं घर बोटभर उचलायचा, तरी आतल्या कपाटातली कपबशी वाजत नसे. एक्केचाळीस वर्षं तो असा दुसऱ्यांच्या घराखाली पाठीवर झोपून राहिला. त्याची बायको कोरल परसात कपडे वाळत घालता घालता गेली, तेव्हाही तो कुठल्याशा शाळेखाली होता, आणि कुठल्या शाळेखाली ते कुणाला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी धूळ झटकत बाहेर आला, तर समोर पोलीस हवालदार टोपी हातात घेऊन उभा.

असा हा माणूस गावच्या हॉलमध्ये मात्र कधी नाचला नव्हता. स्टेजशेजारी पहिल्या महायुद्धात पडलेल्यांची पाटी आहे, तीत सोनेरी अक्षरांत ‘ई. डॉर्नबुश’ असं नाव आहे. ते त्याच्या काकाचं. काका फ्रान्समध्ये पडला, त्यानंतरच्या वर्षी हा जन्मला, म्हणून त्याचंच नाव याला मिळालं. स्वतःचं नाव मेलेल्यांत वाचत नाचायला जमत नसेल, अशी मर्व्हिनने आपली समजूत करून घेतली होती.

चार वाजता सॉसेज संपली. ऱ्होंडा ट्रकमध्ये वासे भरत होती. ती चाळिशीची, बापासारखीच कमी बोलणारी. पण बोललीच तर दुसऱ्याला बोलायला काही ठेवत नसे.

“तुझे बाबा माझ्यावर रागावलेत का गं?” मर्व्हिनने विचारलं.

“रागवायला श्वास लागतो, मर्व्ह.”

“अगं, पण त्यावर नाव नव्हतं. मी चारही बाजूंनी फिरवून पाहिलं.”

ऱ्होंडाने वासा खाली ठेवला. “एक बाजू जरा जास्तच गुळगुळीत नाही वाटली?”

“म्हणजे?”

“तू सेक्रेटरी ना? तुझ्या घरात त्या जुन्या वह्या आहेत. सोळा सालची काढ. वर्षातून दोनदा सगळ्यांना पत्रांचं सांगतोस, एकदा हेही वाच.”

वह्या मर्व्हिनच्या स्वयंपाकघरात, चहाच्या डब्यांवरच्या फळीवर होत्या. वर्धापनदिनाच्या भाषणासाठी तो दरवर्षी उद्घाटनाची तेवढी पानं वाचत असे. त्यापुढे वही उघडायची वेळ कधी आली नव्हती. चष्मा पुसून त्याने एकोणीसशे सोळा उघडलं. जूनच्या सभेत, मुंग्यांसारख्या बारीक अक्षरात, तीन ओळी होत्या.

‘ठराव. हॉलच्या पायात शत्रुराष्ट्रातील जर्मन नाव असणे गावास शोभत नसल्याने गॉटलीब डॉर्नबुश यांच्या खुंटावरील नाव काढून टाकावे. चांगली पटाशी गावात अन्य कोणाकडे नसल्याने ती डॉर्नबुश यांच्याकडूनच मागून आणावी. काम झाल्यावर आभारासह परत करावी.’

गॉटलीब म्हणजे एर्नीचे आजोबा. खाली सही: एच. पेनी, सेक्रेटरी. मर्व्हिनचे आजोबा. ज्यांच्याकडून हे पद, ही फळी आणि हे नाक त्याच्याकडे आलं होतं.

त्याने पुढची पानं उलटली. ऑगस्टमध्ये शोकठराव होता: याच गावातून गणवेश चढवून गेलेला अर्न्स्ट डॉर्नबुश फ्रान्समध्ये धारातीर्थी पडला, हे सभा दुःखाने नोंदवते. म्हणजे पोराचं नाव वर सोन्याने लिहिलं आणि बापाचं खाली पटाशीने खरवडलं, मध्ये सहा आठवडे आणि एक फळ्यांची जमीन. ते परत कोरावं असा ठराव मात्र शोधून सापडला नाही. पुढच्या सभेत नव्या पडद्यांचा रंग ठरला होता.

चहा निवून गेला. मर्व्हिन उठून शेडमध्ये गेला. एक्केचाळीस खुंट भिंतीला टेकून उभे होते. हॉल पुन्हा उघडण्याच्या समारंभात प्रत्येक कुटुंबाला आपापला द्यायचा, ही कल्पना त्याचीच. त्याने ‘पेनी’वरून बोट फिरवलं. मग शेजारच्या ‘हॅलोरन’वरून, ‘मॅकपिट’वरून. प्रत्येक ‘पी’ची शेपटी सारखीच वळलेली, प्रत्येक ‘एन’चा पाय सारखाच लांब. गावात चांगली पटाशी एकाच घरात होती.

रविवारी सकाळी गाव चर्चमध्ये असताना तो ड्रमपाशी गेला. राख गार झाली होती. ती चाळणीने चाळली तर काय मिळालं? खिळे, एक बोल्ट आणि जळका कांदा. त्यातला बोल्ट रुमालात बांधून तो हॉलच्या मागच्या बाजूला आला. खालून टक् असा आवाज आला, मग खोकला, मग बराच वेळ काही नाही.

सेक्रेटरी म्हणून एकवीस वर्षांत मर्व्हिन हॉलखाली कधी गेला नव्हता. गुडघ्यांवर रांगत, डोक्याने दोनदा तुळई मोजत तो आत शिरला. तिसऱ्या ओळीत एर्नी पाठीवर पडला होता. छातीवर टॉर्च, तोंडाभोवती ओला फडका. त्याच्या डोक्याशी नवा काँक्रीटचा खुंट उभा होता, आणि तो जॅक सैल करून सगळा हॉल केसाकेसाने त्यावर टेकवत होता.

“डॉक्टर काय म्हणाले तुला?” मर्व्हिनने धापा टाकत विचारलं.

“तो म्हणाला, शिरू नकोस. निघू नकोस असं नाही म्हणाला.”

“ऱ्होंडा कुठंय?”

“बाहेर. माझे पाय दिसतात तिथं.”

मर्व्हिनने रुमाल सोडून बोल्ट पुढे केला. “वही वाचली, एर्नी. आमच्या आजोबांची सही आहे.”

एर्नीने बोल्टाकडे टॉर्च फिरवला आणि परत तुळईकडे. “हा त्या खुंटाचा नाही. त्याला लाकडी मेख होती.”

मर्व्हिनने घरून तीन गोष्टी ठरवून आणल्या होत्या: पितळी पाटी, जाहीर माफीचा ठराव, आणि समारंभात पहिल्या रांगेतली खुर्ची. तिन्ही सांगून झाल्या. वरची जमीन हळूच कुरकुरली. एर्नीने पाणसळ तुळईला लावली, बुडबुडा मधोमध येईपर्यंत वाट पाहिली आणि जॅक काढून घेतला. पंचाहत्तर वर्षांचा हॉल नव्या खुंटावर बसला. एर्नीला उबळ आली. ती जाईपर्यंत मर्व्हिनने त्याचं डोकं आपल्या मांडीवर धरलं. फडका काढला तेव्हा त्यावर काळ्या मातीत लाल मिसळलं होतं.

“तो खुंट घरी नेऊन तू ठेवणार होतास कुठे, एर्नी?” खोकला थांबल्यावर त्याने हलक्या आवाजात विचारलं. “स्मारकासारखा वगैरे...”

“जाळणार होतो. पण काडी मी लावली असती.”