नानाचं स्टँड

"नाना गेला," असं दारातला माणूस म्हणाला, तेव्हा मी "कुठं?" असं विचारलं. आता आठवलं की लाज वाटते. पण माझा मावसभाऊ नाना सांगलीचा फोटोग्राफर, पाठीवर भलामोठा लाकडी कॅमेरा, सायकलच्या दांडीला स्टँड, आज इस्लामपूर तर परवा दहिवडी... तो घरी सापडला तरच नवल. नुकताच तर तो साताऱ्यात माझ्या ओट्यावर बसून माझ्या पोटाची चेष्टा करून गेला होता. माणसानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, तेव्हा कुठे मला उमगलं. तरी मी त्याला आधी चहाच विचारला.

लढाईच्या दिवसांत माण भागातली गावंच्या गावं पलटणीत भरती झाली. रजा संपायच्या आत पोराचा एक फोटो घरात हवा, म्हणून माणसं नानाला बोलावायची. असाच एका माळावर, जुन्या काटकुळ्या स्टँडवर त्यानं एका शिपायाचा फोटो काढला. वारा सुटला, स्टँड थरथरलं आणि काचेवर त्या पोराचा चेहरा पुसल्यासारखा उमटला. नाना दुसरा काढायला परत गेला, तोवर पोरगा पलटणीत निघून गेला होता. पुढं तो आलाच नाही. त्याच्या आईनं तोच फोटो मागून घेतला. "हलला तर हलला, माझाच हाय न्हवं," म्हणाली. नानाला ते फार लागलं. "माणूस परत येईल न येईल, आपल्या हातात न्हाई," तो म्हणायचा, "फोटो हलता कामा न्हाई, एवढं तर हाय!"

मग त्यानं स्टँड शोधायला सुरुवात केली आणि मला बरोबर घेतलं. मला वाटलं, माझ्या सल्ल्यासाठी. दुकानात शिरल्यावर कळलं.

"टेक रं त्याला."

"अरे, मोडेल!"

"मोडलं तर घ्यायचं न्हाई. सोपं हाय."

सांगली, मिरज, कोल्हापूर... मी टेकत गेलो, दुकानदार ओरडत गेले. जे मला पेलायचं, ते न्यायला बैलगाडी हवी. जे सायकलवर मावायचं, ते माझ्या नुसत्या शिंकेनं हलायचं. अखेर साताऱ्यातच एका पेन्शनीत निघालेल्या जमीन मोजणीदाराकडे त्याचं मोजणीचं स्टँड मिळालं. सागवानी पाय, मातीत रुतायला टोकाला लोखंडी अणी, आणि दुमडलं की उसाच्या मोळीएवढं. मी अंग टाकलं. स्टँड जागचं हललं नाही. माझ्या सदऱ्याची काख तेवढी उसवली. "झालं गड्या," नाना म्हणाला, "तुला पेललं, आता ह्याला वादळाची भीती न्हाई."

त्यावर कॅमेरा बसेल अशी फळी त्यानं ठोकून घेतली आणि वाऱ्यात ते आणखी घट्ट राहावं म्हणून खाली वजनासाठी एक आकडा लावला. ज्या घरी फोटो, त्याच घरची पाण्यानं भरलेली कळशी त्या आकड्याला टांगायची. वजन उगाच सांगलीहून कशाला वाहायचं? दुष्काळी माणात मात्र बाया अडवायच्या, "आवं, पाणी माघारी देणार न्हवं?" नाना थेंब न सांडता कळशी परत करायचा. मग काळ्या कापडात डोकं घालून आतून ओरडायचा, "आता हलू नका!"

त्या दिवशीही तो तसाच ओरडला होता. इस्लामपूरजवळच्या एका घरातले दोघे भाऊ लढाईवरून धडधाकट परत आले होते, म्हणून सगळ्या घराचा फोटो. म्हातारा खुर्चीत, मागे मुलगे, सुना, मांडीवर तान्ही पोरं. नाना कापडात शिरला, हलू नका म्हणाला... आणि कोणी हललं नाही. लहान पोरं मुसमुसायला लागली, सुना त्यांना दाबत राहिल्या. ऊन वर आलं. फोटोवाल्यानं सांगितलंय म्हणून ती सगळी माणसं श्वास रोखून बसून राहिली होती. शेवटी म्हातारा ओठ न हलवता म्हणाला, "नाना, झालं का रं?"

कापडाखाली नाना कॅमेऱ्याला कपाळ टेकून, दोन्ही हात स्टँडच्या पायांत अडकवून उभा होता. कधी गेला, कोणालाच कळलं नाही. त्याच्या अंगाचा सगळा भार स्टँडनं धरला होता. खालच्या कळशीतलं पाणीसुद्धा सांडलं नव्हतं. हे सगळं मला त्या दारातल्या माणसानं सांगितलं. तो त्या दोन भावांतला थोरला. सांगतानाही तो ताठ, न हलता उभा होता.

परवा सांगलीला मावशीकडे गेलो. नानाच्या खोलीत स्टँड उभं आहे. अण्या फरशीवर सरकू नयेत म्हणून मावशीनं खाली गोणपाट अंथरलंय आणि आकड्याला भरलेली कळशी टांगलीय. रोज सकाळी ती पाणी बदलते.

"मावशी, खिडकी तर बंद आहे. वारा कुठला?"

"आसू दे बाबा. उभं केल्यावर वजन लावाय लागतं."

मी कळशी उतरवायला वाकलो, तोल गेला आणि सगळा भार स्टँडवर आला. स्टँड हललं नाही. कळशीतलं पाणी जरासं डुचमळलं, मग निवळलं. मावशी दारात उभी राहून बघत होती... आणि मी, तसाच टेकलेला, हललो नाही.