अश्वजित इंगळेचे तास

अश्वजित इंगळेची एक सवय मला कधीच आवडली नाही. तो शब्दाचा अर्थ विचारायचा. तोही साधा, रोजच्या वापरातला शब्द. "सर, विद्यार्थी म्हंजे कोण?" खामगावच्या कॉलेजात वीस वर्षं संगणकशास्त्राचा विभागप्रमुख असलेल्या माणसाला हे विचारायचं असतं का? मी म्हणालो, "ज्यानं प्रवेश घेतला तो." त्यानं ते वहीत लिहून घेतलं आणि वही माझ्यापुढे सरकवली. "सही करा सर."

तो आमच्याकडे सीएचबीवर होता. सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व. जुलैत नेमणुकीचा आदेश निघतो, मार्चअखेर तो संपतो. पुढच्या जुलैत नवा आदेश, जणू माणूस त्याच दिवशी जन्माला आला. असे अकरा जन्म अश्वजितनं आमच्या कॉलेजात काढले. त्याचं गाव हिवरा आश्रमच्या पुढे. बाप कचरू तो लहान असतानाच गेला, आई जनकाबाईनं दुसऱ्यांच्या शेतात निंदण-खुरपण करून त्याला शिकवलं. त्याचं आडनाव आणि गाव ऐकून आमच्या मंडळींच्या चेहऱ्यावर जे येतं, ते माझ्याही चेहऱ्यावर आलं असेल. मी नाकारत नाही. पण पोरगा शिकवायचा फार चांगलं, आणि तेच मला झोंबायचं. माझी मुलगी काजल त्याच्या वर्गात होती. घरी जेवताना इंगळे सर असं म्हणाले, इंगळे सर तसं म्हणाले, याशिवाय दुसरा विषय नाही. मी त्याच विभागाचा प्रमुख आहे याची पोरीला आठवणही नसायची.

त्याची पीएच.डी. होती ती माहितीच्या मोठ्या कोठारांवर, म्हणजे डेटा वेअरहाऊसवर. प्रबंध मी उघडला होता आणि चौथ्या पानावर मिटला होता. पण स्टाफरूममध्ये खडूचा डबा हातात घेऊन तो समजावून सांगायचा, तेव्हा शिपायालाही कळायचं. "ही बाजू शिकवणाऱ्याची, ही विषयाची, ही वर्षाची. आत एक एक खडू म्हंजे घेतलेला एक एक तास. ज्या बाजूनं पाहाल त्या बाजूनं बेरीज निघते. पण आधी कोण काय आहे ते पक्कं पाह्यजे, नाहीतर बेरीज खोटी." त्यासाठी तो प्रत्येक शब्दाची व्याख्या तर्काच्या भाषेत बांधायचा. मग एक यंत्र, म्हणजे संगणकातलाच एक प्रोग्राम, सगळ्या व्याख्या ताडून पाहायचं आणि कुठे दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात गेल्या की बोट ठेवायचं.

मूल्यांकन समिती येणार म्हटल्यावर प्राचार्य गुलाबरावांना अचानक त्याची आठवण झाली. समितीला सगळं सगळ्या बाजूंनी हवं असतं. कोणत्या तालुक्यातल्या किती मुली, कोणत्या विषयाचे किती तास, मागच्या पाच वर्षांत काय काय. अश्वजितला काम दिलं आणि पहिल्याच महिन्यात त्यानं घोळ केला. जुन्या रजिस्टरात बीबी गाव मेहकर तालुक्यात लिहिलेलं, नव्यात लोणार तालुक्यात. त्यामुळे बीबीची प्रत्येक मुलगी दोनदा मोजली जात होती. त्यानं नियम घातला, एक गाव एकाच तालुक्यात. मुलींची संख्या दोनशे बारावरून एकशे त्र्याहत्तरवर आली.

"असू दे ना बापा दोनदा," गुलाबराव म्हणाले. "मुली जास्त दिसतात त्यात तुह्यं काय जाते?"

"एक पोरगी दोन जागी बसत नाही सर," अश्वजित म्हणाला.

गुलाबराव हसले. ते असे हसले की पुढे काहीतरी होणार हे मला कळतं. अश्वजितला कळलं नाही. तो व्याख्या गोळा करत फिरत राहिला. स्वतःच्या मनानं एकही व्याख्या करायची नाही, ज्याचं काम आहे त्याच्या तोंडून घ्यायची, सही घ्यायची, आणि स्वतःचा फायदा-तोटा मध्ये आणायचा नाही, हा त्याचा नेम होता. एके दिवशी दुपारी तो माझ्याकडे आला.

"सर, शिक्षक म्हंजे कोण?"

मी पेपर तपासत होतो, डोकं तापलेलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला त्याला टोचायचं होतं. "ज्याच्यापाशी बारा महिन्यांचा आदेश आहे तो शिक्षक," मी म्हणालो. "नऊ महिनेवाला नाही. लिही."

त्याचं पेन थांबलं. समोर बसलेला ग्रंथपाल हसला, "मंग तू कोण बे?"

"मी मॉडेल बनवून राह्यलो," अश्वजित म्हणाला. "मी मॉडेलात नाही." आणि त्यानं माझं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. मी झोकात सही केली.

समिती यायला चार दिवस राहिले आणि यंत्रानं काम अडवलं. आधीच एक नियम घातलेला होता की प्रत्येक तास कोणत्या तरी एका शिक्षकानं घेतलेला असतो. अश्वजितनं तास घेतले, म्हणजे तो शिक्षक. त्याचा आदेश नऊ महिन्यांचा, म्हणजे तो शिक्षक नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही, असं यंत्र म्हणत होतं, आणि पुढचा एकही तक्ता निघत नव्हता. तोवरच्या दहा वर्षांतले त्याचे चार हजार एकशे बारा तास घशात अडकलेल्या घासासारखे मध्येच बसले होते.

"व्याख्या बदला सर," अश्वजित म्हणाला. "नऊ महिनेवालेही शिक्षक म्हणा. सगळं सुटते."

"आन् समितीले सांगू, आमच्याकडे कच्चा मास्तर शिकवते म्हणून?" गुलाबराव म्हणाले. "व्याख्येवर अर्जुनरावांची सही आहे. ते राहू दे. तास बदल. ज्याचे आदेश पक्के त्याच्या नावावर टाक." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अर्जुनराव, तुमच्या नावावर."

मी नको म्हणालो नाही. गेल्या दहा वर्षांत मी वर्गावर किती गेलो होतो हे गुलाबरावांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि बहुधा काजललाही माहीत होतं. अश्वजित माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. त्याच्यामागे व्हरांड्यात त्याची आई बसली होती. ओल्या तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन ती गावाहून आली होती, पोराच्या साहेबांसाठी. मी बाहेर गेलो आणि पिशवी घेतली.

"परमनंट कवा करता जी माह्या पोराले?" जनकाबाईनं विचारलं.

"पुढच्या साली मी रिटायर होतो, बाई," मी म्हणालो, अश्वजितला ऐकू जाईल असं. "माही जागा खाली होते. ती याचीच. समिती फक्त जाऊ द्या."

म्हातारीनं हात जोडले. अश्वजित आत गेला आणि संगणकासमोर बसला. संध्याकाळी पाचला तो म्हणाला, "झालं सर. आता विरोध नाही."

शेंगा चांगल्या होत्या. आम्ही त्या मीठ घालून उकडून खाल्ल्या.

समितीनं कौतुक केलं, गुलाबरावांचा सत्कार झाला. कागदी रजिस्टरं आता काय कामाची, म्हणून ती रद्दीत गेली. अश्वजितचे पुढच्या वर्षाचे तासही त्याच नियमानं माझ्याच नावावर चढले. वर्षभरानं माझ्या जागेची जाहिरात निघाली. अट होती दहा वर्षं शिकवण्याचा अनुभव, आणि तोही नेमणुकीच्या आदेशावर धरायचा नाही, प्रत्यक्ष घेतलेल्या तासांवर. अश्वजितचं वय तेव्हा त्रेचाळीस. अशी जागा आमच्या भागात पुन्हा निघेल तेव्हा त्याचे केस पिकलेले असतील. तो अनुभवाचा दाखला मागायला आला. कार्यालयातल्या पोरीनं त्याच्याच कोठारात त्याचं नाव टाकलं. दाखला छापून आला. घेतलेले तास: शून्य.

तो कागद घेऊन माझ्या केबिनमध्ये आला. मी आधीच उत्तर तयार ठेवलं होतं. "जुनी प्रत काढ न. तुह्यापाशी असनच."

"नाही ठेवली सर."

"काऊन?"

"दोन प्रती ठेवल्या तर खरी कोणती? मंग कोठार कायचं?" तो म्हणाला. "म्या पुसून टाकली."

मला हसू आलं. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा हसूच आलं. इतकी वर्षं खामगावात राहून, गुलाबरावांच्या हाताखाली काम करून, या माणसानं स्वतःचीच दहा वर्षं स्वतःच्या हातानं पुसली, आणि तीही नियम मोडू नये म्हणून. आमच्याकडे कारकूनसुद्धा प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी ठेवतो. "मुलाखतीले ये," मी म्हणालो. "मी आहे न कमिटीत."

मुलाखतीला बाहेरून एक तज्ज्ञ बाई आल्या होत्या. त्यांनी त्याला दहा मिनिटं शिकवायला सांगितलं. त्यानं फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. आज सोमवार आहे. आज सोमवार नाही. "या दोन्ही आत घेतल्या," तो म्हणाला, "तर पुढं काहीही सिद्ध करता येते. म्हैस प्राचार्य आहे हेही. एक खोटं आत शिरलं की मंग कोणत्याच उत्तरावर विश्वास ठेवता येत नाही." आणि त्यानं ते पायरी पायरीनं खरोखर सिद्ध करून दाखवलं. बाई खूश झाल्या. गुलाबरावांना म्हैस आवडली नाही.

बाईंनी दाखला पाहिला. "अकरा वर्षं काय करत होता तुम्ही?"

"शिकवून राह्यलो होतो, मॅडम."

"पण इथं शून्य आहे."

"ही माहिती त्यांनीच बनवलेल्या प्रणालीतून आली आहे," गुलाबराव मऊ आवाजात म्हणाले. "समितीनं तिला निर्दोष म्हटलं आहे."

अश्वजितनं माझ्याकडे पाहिलं. त्याला फक्त माझं एक वाक्य हवं होतं. ते तास माझे नाहीत, इतकंच. मी माझ्या निवृत्तीचा विचार केला, सत्काराचा केला, खोट्या तासांबद्दल मागे लागू शकणाऱ्या चौकशीचा केला. समोरच्या ताटलीत काजू होते. मी एक उचलला.

जागा अकोल्याच्या एका मुलीला मिळाली. मुलगी हुशार आहे, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. महिनाअखेर माझा निरोप समारंभ झाला. स्मृतिचिन्हावर कोरलेलं होतं, 'सहा हजार तासांचे अखंड ज्ञानदान'. घरी काजलनं ते दोन्ही हातांत धरून वाचलं. "बाबा, आमच्या वर्गाचेही यात धरले काय?" तिनं विचारलं. मी म्हणालो की मला भूक लागली आहे.

पुढच्या रविवारी सकाळी अश्वजित घरी आला. खोली रिकामी केली होती, गावाकडे चालला होता. खांद्यावर बॅग, हातात ती वही. मला वाटलं भांडायला आला. मी दारातच उभा राहिलो, आत ये म्हणालो नाही.

"सर, एक व्याख्या राह्यली," तो म्हणाला. "काम अर्धं सोडाले बरं वाटत नाही. जो शिकवते, पण शिक्षक नाही, तो कोण? तुम्ही सांगा, म्या लिहून घेतो."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी सहन केला असता. तो खरंच पेन उघडून उभा होता, आणि त्या पेनाचा मला इतका संताप आला की काय सांगू. "कोणी नाही," मी म्हणालो. "लिही. कोणी नाही."

त्यानं लिहिलं. पूर्णविराम दिला. वही फिरवून माझ्यापुढे धरली. हाताला सवय होती, मी सही केली. "येतो सर," म्हणून तो फाटकाबाहेर पडला.

आतून काजल ट्रेमध्ये चहाचे दोन कप घेऊन आली. "इंगळे सरांचा आवाज आला न? कुठी आहेत?" मी रस्त्याकडे हात केला. तिनं ट्रे ओट्यावर ठेवला, त्यातला एक कप उचलला आणि चपला न घालताच बाहेर धावली. चहा हिंदकळून तिच्या हातावर सांडत होता. ती "सर, सर" अशा हाका मारत होती, आणि आत जाता जाता, त्या मलाच आहेत असं वाटून मी एकदा मागे वळलोही. मग दुसरा कप घेतला आणि आत गेलो.