दिवाळीचा शर्ट आणि सात दिवसांची मुदत

आमच्या धंद्यात कपडे जातात आणि किस्से परत येतात. सावेडीतल्या माझ्या फ्लॅटच्या हॉलमधून मी आणि माझी जाऊ सुलभा व्हॉट्सॲपवर कपडे विकतो. 'पसंत नाही? सात दिवसांत फुकट परत!' ही जाहिरात माझी. जायचं-यायचं कुरिअर आमच्या नफ्यातून जातं, म्हणून सुलभा तिला 'घर धुणारी ओळ' म्हणते.

शिर्डीच्या एका बाईंनी साडी परत पाठवली. कारण, 'रंग आवडला नाही.' पदराला हळद, निऱ्यांत अक्षता! सुलभा म्हणाली, "लग्न लागेपर्यंत आवडला होता वाटतं."

एका मुलीनं एकच कुर्ती तीन मापांत मागवली आणि तिन्ही परत केल्या. फोन केला तर म्हणते, "ताई, नुसतं घालून बघायचं होतं. दुकानात उगाच लाज वाटते."

एकानं तर नव्याच्या जागी स्वतःचा जुना शर्ट इस्त्री करून पाठवला. खिशात एसटीचं तिकीट. सुलभा संतापली. मी मात्र ते तिकीट वाचत बसले. नवरा गेल्यापासून, सुलभा दुपारी घरी गेली की माझ्याशी बोलायला कोणी नसतं.

पारनेर तालुक्यातले एक आबा दर दिवाळीला मुलासाठी शर्ट मागवायचे आणि सातव्या दिवशी परत करायचे. सुलभा म्हणाली, "यांना ब्लॉक कर, नाहीतर परतीची सोयच बंद." तिसऱ्या दिवाळीला त्यांची ऑर्डर आली तेव्हा हे सांगायलाच मी फोन लावला.

आबा म्हणाले, "पोरगा दरसाली येतो म्हनतो, ताई. न्हाई आला की मी परत लावतो. औंदा एक नंबर मोठा धाडा, आता आंगानं भरला आसंल. आन् मुदत जरा वाढवून मिळंल का?"

मी सुलभाला न सांगता महिनाभराची मुदत दिली.

महिना संपला, शर्ट आला नाही. सुलभा खूश. "एक तरी विकला गेला बाई."

मला राहवेना. फोन करून विचारलं, "आबा, मुलगा आला वाटतं?"

"न्हाई वो ताई. मीच घातलाय. बाह्या लांब हायेत, पर दुमडल्या की बसतोय."