हशासाठी सोडलेली जागा

विश्रांतवाडीचा सुखदेव रस्त्यात दिसला की लोक आधी हसतात, मग नमस्कार करतात. पंचवीस वर्षं विनोदी नाटकांत त्याने विसरभोळे नवरे आणि घाबरट जावई रंगवले. चेहराच असा, की मयताला गेला तरी चार माणसं तोंड फिरवून हसू दाबायची.

शिवाय एक खोड होती, धंद्यातलीच. वाक्य टाकलं की थांबायचं. हशा उठू द्यायचा, ओसरू द्यायचा, मग पुढचं बोलायचं. ही खोड त्याच्याबरोबर घरीही आली आणि राहिली.

दोनेक वर्षांपासून त्याच्या मनाने हाय खाल्ली होती. सकाळी उठवत नव्हतं, अन्नाची चव गेली होती. एकदा धीर करून तो बायकोला म्हणाला, "दीपा, मला जगायचाच कंटाळा आलाय." आणि सवयीने थांबला.

दीपमाला खळखळून हसली. "तुमचं बाई काहीतरीच," म्हणून कणीक मळायला बसली. तिचा तरी काय दोष? इतकी वर्षं जिथे हसायचं, तिथेच ती हसली.

पुढे अवधूत नावाच्या तरुण दिग्दर्शकाने त्याला खचलेल्या बापाची भूमिका दिली. हल्ली ही टूमच निघाली आहे. उदास सिनेमा काढायचा, त्यात विनोदी नटाला रडवायचं, की लोक माना डोलावतात. सुखदेवला मानांशी कर्तव्य नव्हतं. पडद्यावर बघून तरी बायकोला कळेल, एवढीच त्याची आशा. म्हणून त्याने आपलं ते वाक्य अवधूतला सांगून संवादात घालून घेतलं.

शूटिंगला तो वाक्य बोलला आणि थांबला. हशा आला नाही. एवढी शांतता त्याने आयुष्यात ऐकली नव्हती. पुढचं वाक्यच आठवेना.

"सर, काय पॉज घेतलात! हाच टेक ठेवू या," अवधूत म्हणाला.

"हशाची वाट बघत होतो," सुखदेवने खरं ते सांगितलं. सगळं युनिट पोट धरून हसलं.

सिनेमा लागला तेव्हा दुपारच्या खेळाला तो दीपमालाला घेऊन गेला. त्या वाक्याला थिएटर चिडीचूप झालं. दीपमाला पदराने डोळे पुसत होती आणि सुखदेव पडदा सोडून तिच्याकडेच बघत होता. सुटलो एकदाचा, असं त्याला वाटलं.

घरी आल्यावर तिने चहा टाकला. "किती खरं केलंत हो."

"केलं नाही, दीपा. ते माझंच आहे. मला खरंच जगायचा कंटाळा आलाय."

या वेळी थांबायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. पण पुढे सांगायला शब्दच सापडेनात, आणि तो थांबला.

चहा गाळता गाळता दीपमाला हसली. "पुरे आता, सिनेमा सुटला. उद्या रुपाली येणार आहे ना, तिला म्हणून दाखवा हं."

दुसऱ्या दिवशी मेहुणीसमोर त्याने ते म्हणून दाखवलं. दोघी बहिणी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.