एक्सची कॅसेट

माझा दादा अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. बोल्ट, बेअरिंग, वॉशर, ज्याला जे लागेल ते खणातून काढून द्यायचं, हे त्याचं काम. खण सगळे इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावलेले. त्याचा एक कायदा होता, खण रिकामा असला तरी त्याला लेबल पाहिजे. घरी आला तरी त्याचं स्टोअर काही सुटायचं नाही. आई म्हणायची, याला बायकोसुद्धा अक्षरावरून शोधावी लागणार.

या माणसाला इंग्रजी गाण्यांचा नाद. आमच्या वस्तीत गाणी म्हणजे जयंतीची, नाहीतर सिनेमाची, आणि हा आपला गिटारवाल्यांना घेऊन बसलेला. देवळालीच्या एका फौजी मित्राकडून कॅसेट आणायचा आणि कोऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायचा. रॉक काय नि पॉप काय, त्याला सगळं सारखंच. गाणारा कोण आणि बँड कोणता यात त्याचा कायम घोळ व्हायचा. म्हणून त्याने सरळ स्टोअरची पद्धत लावली. गाण्याचं नाव ज्या अक्षराने सुरू होतं, त्या अक्षराची कॅसेट. नावाच्या आधी ‘द’ आला तर तो धरायचा नाही. म्हणायचा, ती नुसती पिशवी, माल आत असतो. आयच्या चार कॅसेट झाल्या. ‘या लोकांना स्वतःबद्दल लय बोलायचं असतं,’ असं त्याचं मत पडलं. क्यूची जेमतेम अर्धी भरली.

आणि प्रत्येक गाण्याआधी तो स्वतः बोलायचा. त्याला रेडिओवर निवेदक व्हायचं होतं. कोण घेणार होतं? पण शनिवारी अंबडला सुट्टी, त्या दिवशी आमचं घर म्हणजे रेडिओ स्टेशन. मी सहावीत होते. कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही आणि दारावर कोणी आलं तर बोटाने गप्प करायचं, ही माझी ड्यूटी. लाल बटण दाबून तो घसा साफ करायचा. ‘अक्षर एम. गाणं चौथं.’ मग गाण्याचं नाव, मग डिक्शनरीत बघून काढलेला मराठी अर्थ, आणि शेवटी, ‘छोटे, ऐक हं.’ छोटी म्हणजे मी.

मी ऐकलं. रोज ऐकलं. त्या कॅसेटवर माझं इंग्रजी झालं, त्या जोरावर मी बी.एड. केलं आणि गंगापूर रोडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. तिथे शहाणी झाले. इतकी शहाणी, की दादाचे उच्चार माझ्या कानाला टोचायला लागले.

त्याच्या पन्नाशीला काय द्यावं असा विचार करत होते. माझ्याकडेच राहिलेल्या त्या सगळ्या कॅसेट पेनड्राइव्हवर घेऊन द्याव्यात असं ठरवलं. वाढदिवसाला माझ्या शाळेतल्या बाया येणार होत्या. त्यांच्यासमोर दादाचं ते ‘अक्षर एम’ वाजलं तर? कॅसेटवरून पेनड्राइव्ह भरून देणाऱ्या दुकानदाराला मी स्पष्ट सांगितलं, ‘मधली बडबड काढून टाका, फक्त गाणी ठेवा.’ तो भला माणूस. त्याने विचारलंही, ‘मॅडम, आवाज घरातल्या कुणाचा आहे का? राहू द्यायचा?’ मी म्हणाले, नको. मग त्याने विचारलं, कॅसेट परत नेणार का. मी म्हणाले, काय करायच्यात, टाका भंगारात.

जीभ कशी झडली नाही माझी!

वाढदिवसाला केक कापला, पेनड्राइव्ह स्पीकरला लावला. दादा खुर्चीत पुढे सरकून बसला होता. पहिलं गाणं संपलं. त्याने मान जरा तिरकी केली, स्वतःची वाट बघितल्यासारखी. दुसरं गाणं सुरू झालं. त्याने माझ्याकडे बघितलं.

‘मधलं गेलं वाटतं.’

‘मीच काढायला सांगितलं,’ मी म्हणाले. ‘गाणी कशी सलग वाजतात बघ आता.’

‘बरं केलंस,’ तो म्हणाला. ‘काय काय बडबडायचो मी.’ आणि हसून बायांना समोसे वाढायला उठला. मी त्या हसण्यावर विश्वास ठेवला. मला तेच सोयीचं होतं.

दोन वर्षांनी त्याच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, त्यात आवाज गेला. मग तो वहीत लिहून बोलायचा. तिथेही पानांच्या कडेला अक्षरं, पी म्हणजे पाणी, डी म्हणजे दुखतंय. शेवटी शेवटी नुसतं अक्षरावर बोट ठेवायचा. मागच्या वर्षी तो गेला.

त्याला जाऊन चाळीस दिवस झाले असतील. त्याची मुलगी माझ्याकडे आली. ‘आत्या, पप्पांचा आवाज आहे का गं तुझ्याकडे? मला आठवेनासा झालाय. आठवायला गेलं की दवाखान्यातली ती घरघरच येते.’ तिने सगळे मोबाईल धुंडाळले होते. दादा फोनवरून नुसती फुलांची चित्रं पाठवायचा. लग्नांचे व्हिडिओ तोच काढायचा, त्यात डीजेखाली एकदा ‘इकडे बघा’ एवढं ऐकू येत होतं. ‘त्या कॅसेटवर तर पप्पा बोलायचे ना?’ तिने विचारलं.

पोरीला काय सांगू? सांगितलं. सगळं सांगितलं, बायांच्या लाजेसकट. ती रडली नाही, ओरडली नाही. ‘बरं,’ म्हणाली. अगदी बापासारखं. पायात चपला घालून निघाली. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर परवडलं असतं.

ती फाटकापर्यंत गेली असेल आणि मला तो कायदा आठवला. खण रिकामा असला तरी लेबल पाहिजे. एक्सचीही कॅसेट होती! दुकानात द्यायच्या आधी मी ती मध्ये कुठेतरी लावून बघितली होती, गाणं नव्हतं, रिकामी म्हणून दिलीच नव्हती. मी तशीच अनवाणी धावले आणि पोरीला परत आणलं. शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली, कॅसेट सापडली. वर दादाच्या अक्षरात एक्स.

माझा टेप कधीच बंद पडलेला, दादाचा टेपरेकॉर्डर त्यांच्या घरी होता. वहिनींनी पुसून काढला. मी कॅसेट पहिल्यापर्यंत मागे नेली. बटण पोरीनेच दाबलं. आधी खरखर. मग घसा साफ केल्याचा आवाज. वहिनींनी तोंडावर पदर धरला.

‘अक्षर एक्स. या अक्षराचं गाणं अजून मिळालेलं नाही. मिळालं की भरू. छोटे, रिकामी आहे म्हणून हिच्यावर दुसरं काही भरू नकोस हं.’

बस. पुढे नुसती टेप फिरत होती. पोरीने मागे नेऊन पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. टेप जुनी, तुटेल अशी मला धास्ती, पण थांब म्हणायला मला तोंड नव्हतं. अखेर तिनेच मोबाईलमध्ये घेतलं आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्याने रडली. मी कॅसेट बंद केली नाही. आणखी काही बोलेल म्हणून शेवटपर्यंत ऐकत बसले. अर्ध्या तासाने बटण खटकन वर आलं. तो बोलला नव्हता. मग मी कॅसेट उलटी करून लावली.