खडूचा चौकोन

माझ्या वडिलांना दुकानातून निवृत्त केलं ते इटलीतल्या एका फुटबॉल मॅनेजरने. त्याला याची कल्पना नाही. असती तर त्याने रीतसर माफी मागितली असती, असं वडील अजून म्हणतात.

जळगावात आमचं साड्यांचं दुकान. वडील आणि तो इटालियन एकाच वर्षी जन्मलेले, एवढ्यावर नातं जुळलं. वडील पाय मोडून घरी पडले असताना टीव्हीवर त्याची ओळख झाली. मग रात्रीची मॅच सकाळी मोबाइलवर पाहिल्याशिवाय दुकानात अगरबत्ती लागेना. तो आधी बचावातला खेळाडू होता, गुडघे गेल्यावर मॅनेजर झाला. एका क्लबने नारळ दिला की दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे. त्याला काढलं की आमच्याकडे नुसता वरणभात. नवी नोकरी लागली की शेव-जिलेबी. अशाच एका भरात, गिऱ्हाइकाच्या शेतातल्या भरीत-पार्टीत, सगळ्या नातेवाइकांसमोर वडील बोलून गेले, "तो थांबेल त्या दिवशी मी गादी सोडीन. ही बसेल."

ही म्हणजे मी. नऊ वर्षं ब्लाउजपीसच्या काउंटरवर उभी. तो कधी थांबायचाच नाही, याची त्यांना खात्री होती.

तो थांबला. मैदानात रडला, हात हलवला आणि गेला. मी तो व्हिडिओ लगेच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि दुसऱ्या दिवशी गादीवर बसले.

काही महिने मी हवेत होते. मग त्याचा जुना क्लब बुडायला लागला आणि हा बाबा परत आला. त्या सकाळी वडील इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात हजर. "तो परत आलाय," एवढंच म्हणाले आणि गादीकडे निघाले.

मला गादी जायची भीती वाटली. पण राग त्याहून मोठा होता. "तो मॅनेजर म्हणून आलाय, खेळायला नाही," मी म्हटलं. "मॅनेजर रेषेच्या बाहेर उभा राहतो." मापाचा खडू घेतला, मैदानाच्या कडेला मॅनेजरसाठी आखतात तसा पायरीखाली चौकोन आखला आणि त्यात खुर्ची ठेवली. नियम त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ. मुकाट्याने चौकोनात गेले. खुर्चीवर मात्र बसले नाहीत, कारण तोही बसत नसे.

त्याच दिवशी पहूरहून बस्ता आला. सगळ्या लग्नाची कपडेखरेदी आणि पिकअपभर माणसं. माझा एकटीचा पहिलाच. तो हातचा गेला, तर संध्याकाळी गादीवर वडील आणि ब्लाउजपीसला मी, हे आम्हा दोघांना न बोलता कळलं होतं.

वडिलांची पद्धत ठरलेली: नवरदेवाकडच्या थोरल्या बाईला पटवायचं, नवरीला विचारायचं नाही. मी नवरीला सरळ गादीवर शेजारी बसवलं आणि रंग विचारला. बाहेर वडिलांचे हात सुरू झाले. थोरलीकडे बोट, कपाटाकडे बोट, वरचा, वरचा, तो डाळिंबी शालू. मग कपाळावर हात. मग एक पाय रेषेवर. मी नुसतं पाहिलं. पाय मागे गेला.

त्या थोरल्या, नवरदेवाच्या आत्या, त्यांनी मान वळवली. "शेठ बाहेर काबर नाची राह्यनात?"

"ते मॅनेजर आहेत," मी म्हटलं.

नवरी फस्सकन हसली आणि तिच्यामागून आख्खी पिकअप. हसता हसताच तिने एक मोरपंखी शालू ओढून खांद्यावर टाकला. आत्या बघत राहिल्या. "बठ्ठं आठेच बांधा," म्हणाल्या. म्हणजे सगळा बस्ता आमच्याकडेच.

मला गादीवर उभं राहून नाचावंसं वाटत होतं. गठ्ठे मी स्वतः बांधले.

पिकअप गेल्यावर वडील रेषेपर्यंत आले. गिऱ्हाइकं काढतात तशा पायरीखाली चपला काढल्या.

"येऊ का आत?"

आले, आणि जन्मभर ज्या गादीवर बसले तिच्या समोरच्या बाजूला, गिऱ्हाइकाच्या जागी मांडी घालून बसले. मी पाणी मागवलं. "काय दाखवू?"

"मुलीसाठी दाखवा काहीतरी," ते म्हणाले. "रंग तिलाच विचारा."

मी उठले आणि वरच्या कप्प्यातला डाळिंबी शालू काढला.