नाकाने भाजायचा पाव

त्या गल्लीत पहाटेचा गजर कुणी लावत नसे. भट्टी पेटली की धूर आणि पाठोपाठ पावाचा वास खिडक्यांच्या फटींतून आत शिरे, आणि माणसं स्वप्नाचं शेवटचं टोक मुठीत धरूनच जागी होत. भट्टी चालवायची ती भट्टीवाली मावशी. लग्न होऊन आली तेव्हा तिला दुसरं नाव होतं म्हणे, पण ते आता तिच्या नणंदेलाच ठाऊक असेल, आणि नणंदही तिला नुसती 'वहिनी' म्हणायची.

मागच्या हिवाळ्यात मावशीला ताप आला. ताप उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. म्हणजे नाक जागच्या जागी होतं, चांगलं चाफेकळी. वास मात्र कसलाच येईना. डॉक्टर म्हणाले, "येईल परत. नाहीही येणार." मावशीने कुणाजवळ ब्र काढला नाही. रोजचे पाव ती रंग पाहून, बुडाला टिचकी मारून, आवाज ऐकून बाहेर काढायची. निभून जात होतं. पण दुपारी दुकान बंद करून पिठाच्या पोत्यांशेजारी जरा आडवी झाली की तिला वासांची स्वप्नं पडायची. बंदरावरच्या ओल्या दोरखंडांचा वास, नवऱ्याच्या लोकरी स्वेटरचा वास, धुतलेल्या लाकडी जिन्याचा वास. डोळे उघडले की सगळं पुन्हा पाण्याच्या पेल्यासारखं कोरं.

अशातच निवृत्त पोस्टमास्तर दारात येऊन उभे राहिले. बंद पडलेल्या सूतगिरणीत गावच्या जुन्या वस्तूंचं दालन उघडायचं होतं. वल्ही, माग, कंदील, सगळं मांडून झालं होतं.

"मावशी," ते म्हणाले, "भिंतीवरच्या फोटोंनी गाव दिसेल, पण कळायला तोंडात घास पडायला हवा. तो काळा पाव कराल का? घराघराच्या ठशांचा?"

पूर्वी प्रत्येक घरातून मळलेला गोळा भट्टीवर यायचा. अदलाबदल होऊ नये म्हणून त्यावर घराचा लाकडी ठसा उठवलेला असायचा. कुणाचा मासा, कुणाची चंद्रकोर, कुणाची शिडी. काळपट भरड पीठ, मध, बडीशेप. पेटत्या जाळावर नाही, तर विझत आलेल्या भट्टीच्या उबेत हा पाव हळूहळू भाजायचा. तो आधीपासूनच काळा, तेव्हा रंगावरून काही कळत नाही. आणि इतका जाड की टिचकीलाही दाद देत नाही. सासूबाई म्हणायच्या, "हा पाव नाकाने भाजायचा."

'नाही' म्हणायला मावशीने तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते 'हो'.

पहिला पाव आतून कच्चा राहिला. दुसऱ्या खेपेला तिने जास्त वेळ दिला आणि बाकावर बसून फाटलेला अ‍ॅप्रन शिवायला घेतला. धूर मागच्या बोळातून बाहेर चालला होता, हिला पत्ताच नाही. पत्ता लागला तो दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या नणंदेला. ती पदराने नाक झाकत आत आली.

"वहिनी! अगं घर पेटवतेस की काय? आणि खुशाल शिवत बसली आहेस!"

मावशीने भट्टीचं झाकण काढलं. आत कोळसा.

"वन्सं, मला वास येत नाही," ती म्हणाली. "तापापासून."

नणंद मटकन बाकावर बसली. म्हणाली, "आणि मी मेली गावभर सांगत फिरतेय, वहिनीचं नाक हल्ली फार वर असतं म्हणून!"

आधी मावशी हसली, मग दोघी हसल्या, आणि हसता हसता मावशीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"तुम्ही वास घ्या ना," मावशी म्हणाली. "मला सांगा."

नणंदेने नाक मुरडलं. "जन्मले मी या भट्टीजवळ. पण आईने सगळं दिलं सुनेला. लेक काय, परक्या घरची! आणि आता माझं नाक तेवढं हवंय होय?"

हे बोलणं इतकी वर्षं दोघींच्या मध्ये होतं, पण मोठ्याने आज निघालं. पाव आत-बाहेर करायचं कोपऱ्यातलं लांब दांड्याचं लाकडी फावडं उचलून मावशीने नणंदेच्या हातात दिलं. "मग हे तुम्ही धरा. मी पीठ मळते."

नणंद दांड्यावरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी घरोघरचे ठसे मागून आणून पावांवर उठवले, पाव आत सरकवले आणि दोघी पोत्यांवर टेकल्या. नणंदेने डोळे मिटले.

"आता नुसतं ओलं पीठ," ती म्हणाली. "पावसात भिजलेल्या कुत्र्यासारखं."

"शी!"

"आहे ते सांगतेय. थांब... आता बडीशेप जागी झाली. आता मध. बाबा बंदरावरून यायचे ना, उन्हात तापलेला त्यांचा कोट, तसं काहीतरी."

मावशीनेही डोळे मिटले. नाकात काही नव्हतं. पण नणंदेचा आवाज संथ होत गेला तसं तिच्या मिटल्या डोळ्यांपुढे सारं गाव उलगडायला लागलं. वाळत घातलेली जाळी, शाळेच्या बाकांचं लाकूड, सासूबाईंचे पिठाळ हात. सगळं तरंगत, एकमेकांत मिसळत, कुठेच न टेकता.

"सुकलेलं गवत," नणंद पुटपुटली. "आणि... वहिनी, आई! आईच्या पदराचा वास! काढ, काढ!"

काढायचं फावडं तिच्याच हातात होतं, हे लक्षात यायला तिला क्षणभर लागलं. पाव काढले. कापल्यावर आतून ते दमट, तपकिरी, अगदी हवे तसे निघाले.

उद्घाटनाला सूतगिरणी भरून गेली. लोक मागांपुढे थोडे रेंगाळले आणि मग टेबलाभोवती गोळा झाले ते हललेच नाहीत. जो तो आपल्या घराचा ठसा शोधत होता. पोस्टमास्तरांनी चंद्रकोरीचा पाव उचलला, हुंगला आणि भाषण खिशातच ठेवून दिलं. मावशीने एक तुकडा जिभेवर ठेवला. मीठ कळलं, गोडवा कळला, बाकी काही नाही. पण तिने तो सावकाश चावून खाल्ला.

टेबलाच्या टोकाला बसड्रायव्हर उभा होता. बदली होऊन इथे आला, त्याला बरीच वर्षं झाली होती. त्याने हात पुढे केला नव्हता.

"घ्या की," मावशी म्हणाली.

"आमचा ठसा नाही ना यात."

नणंदेने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बसची किल्ली आहे ना खिशात? उद्या सकाळी ठशाला घेऊन ये. स्वच्छ धुऊन आण हो, डिझेल नको माझ्या पिठात."

"माझ्या पिठात?" मावशीने विचारलं.

"बरं, आपल्या," नणंद म्हणाली आणि त्याच्यासाठी जाडसा तुकडा कापायला लागली.